रिकाम्या जागेचे तेज
चित्रकार वासुदेव गायतोंडे यांची चित्रप्रक्रिया, आपल्या पोथ्यांतील चित्रे आणि आपल्या घरांतील चित्रवेडी मुले

मेडशी (जि. वाशीम) : अकोल्याहून वाशीमकडे जाणाऱ्या मार्गावर मेडशी हे गाव लागते. शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथ प्रभूंच्या दर्शनास निघालेली अनेक कुटुंबे या वाटेने जातात. आमच्या भागातील जैन व्यापाऱ्यांच्या दुकानांत गादीमागच्या भिंतीवर प्रभूंचे चित्र नाही, असे दुकान शोधूनच काढावे लागेल. सकाळी दुकान उघडले की पहिले वंदन त्या चित्राला, दिवाळीला वहीपूजन होते तेही त्याच चित्राच्या साक्षीने. असे असूनही ते चित्र कोणी काढले, कसे काढले, त्यासाठी किती दिवस खर्ची पडले, हा प्रश्न आपल्या मनात क्वचितच येतो. चित्र आपल्या जीवनात आहे, चित्रकार मात्र नाही.

या लेखात ज्या चित्रकाराचा परिचय करून द्यावयाचा आहे त्यांनी प्रभूंचे चित्र काढल्याची प्रसिद्धी नाही, किंबहुना आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांच्या चित्रांत कोणतीही ओळखू येणारी आकृती उरली नाही. तरीही त्यांची काम करण्याची रीत जैन वाचकाला परकी वाटणार नाही, असा विश्वास वाटतो. ते चित्रकार म्हणजे वासुदेव संतू गायतोंडे.

विदर्भात जन्म, मुंबईत घडण

गायतोंडे यांचे घराणे मूळचे गोव्याकडील, परंतु त्यांचा जन्म २ नोव्हेंबर १९२४ रोजी नागपूर येथे झाला. पुढे मुंबईतील गिरगावच्या चाळीत त्यांचे वास्तव्य होते. मुलाने चित्रकार व्हावे हे वडिलांना मान्य नव्हते. मध्यमवर्गीय घरातील कर्त्या पुरुषाला वाटणारी ती स्वाभाविक चिंता होती. मुलाने मात्र सर ज. जी. कला विद्यालयात प्रवेश घेतला आणि १९४८ साली तेथील पदविका मिळविली. या निवडीची किंमत त्यांना पुढे आयुष्यभर मोजावी लागली. घराशी असलेले संबंध तुटले ते तुटलेच. ते अविवाहित राहिले आणि चित्रकलेशिवाय दुसरा संसार त्यांनी मांडला नाही.

तो काळ भारतीय चित्रकलेत मोठ्या घडामोडींचा होता. १९४७ साली मुंबईत ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’ स्थापन झाला. सूझा, रझा, हुसेन, आरा, बाकरे आणि गाडे हे त्याचे संस्थापक. यांपैकी हरी अंबादास गाडे हे अमरावती जिल्ह्यातील, तर सय्यद हैदर रझा यांचे आरंभीचे कलाशिक्षण नागपूरच्या कलाशाळेत झालेले. १९५० साली गायतोंडे यांनाही या गटात सामील करून घेण्यात आले. आधुनिक भारतीय चित्रकलेच्या या पहिल्या पंगतीत विदर्भाशी नाते असलेले तिघे होते, ही गोष्ट आपल्या भागात फारशी सांगितली जात नाही.

पोथीचित्रांपासून प्रारंभ

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. कला विद्यालयात गायतोंडे यांनी भारतीय चित्रपरंपरेचा अभ्यास केला. त्यात अजिंठ्याची भित्तिचित्रे होती, पहाडी आणि बसोली लघुचित्रे होती, तशीच मध्ययुगीन जैन हस्तलिखितांतील चित्रेही होती. आरंभीच्या त्यांच्या चित्रांत या लघुचित्रांच्या धाटणीच्या मानवी आकृती दिसतात. मात्र लवकरच त्यांच्या ध्यानात आले की आपल्याला ओढ आहे ती त्या आकृतींची नाही. लाल पार्श्वभूमीशेजारी निळ्याचा तुकडा केवढा असावा, पिवळ्याने किती जागा व्यापावी, हे जे रंगांचे परस्पर प्रमाण आहे, ते त्यांना मोहवीत होते. मग त्यांनी एकेक आकृती वगळण्यास आरंभ केला. प्रथम चेहऱ्यावरील तपशील गेले, नंतर शरीराची ठेवण गेली, शेवटी आकृतीच गेली आणि रंग व अवकाश तेवढे उरले.

ज्या पोथीचित्रांनी या तरुणास वाट दाखविली ती चित्रे कशी निर्माण होत, हे येथे थोडक्यात सांगणे उचित होईल. पश्चिम भारतात अकराव्या शतकापासून सचित्र जैन ताडपत्रे आढळतात. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ताडपत्राची जागा हळूहळू कागदाने घेतली, तरी पानाचा आडवा आकार आणि दोरा ओवण्याच्या छिद्राची खूण पुष्कळ काळ तशीच राहिली. काम वाटून घेतलेले असे. प्रथम लिपिकार मजकूर लिही आणि चित्रासाठी चौकोन मोकळा सोडी. कोणता प्रसंग रंगवावयाचा याची बारीक खूण काही वेळा समासात करून ठेवलेली असे. त्यानंतर चित्रकार त्या मोकळ्या चौकोनात काम करी. पंधराव्या शतकातील श्रीमंत पोथ्यांत प्रथम सोन्याचा वर्ख बसवीत आणि त्यावर लाल किंवा लाजवर्दी निळा रंग असा भरीत की आकृतीच्या ठिकाणी तळचे सोने उघडे राहावे. चेहऱ्याच्या कडेबाहेर आलेला दुसरा डोळा ही या शैलीची प्रसिद्ध ओळख. श्वेतांबर परंपरेत कल्पसूत्र आणि कालकाचार्य कथा यांच्या, तर दिगंबर परंपरेत यशोधरचरितासारख्या ग्रंथांच्या सचित्र प्रती पुष्कळ झाल्या.

ही परंपरा गुजरात-राजस्थानपुरती मर्यादित होती असे समजण्याचे कारण नाही. आपल्याच वाशीम जिल्ह्यातील कारंजा हे भट्टारकांच्या पीठांचे आणि ग्रंथभांडारांचे प्राचीन केंद्र आहे. अठराव्या शतकातील कवी जिनसागर यांनी सुगंधदशमीची कथा मराठीत रचली. दुर्गंधेचा शाप भोगणाऱ्या कन्येला व्रताने सुगंध प्राप्त होतो, ही कथा भाद्रपद शुद्ध दशमीचे व्रत करणाऱ्या आपल्या घरांतील स्त्रियांना पाठ असते. तिची सचित्र मराठी पोथी नागपुरात जपली गेली. डॉ. हीरालाल जैन यांनी पाच भाषांतील सुगंधदशमी कथा एकत्र संपादित केल्या. १९६६ साली भारतीय ज्ञानपीठाने प्रसिद्ध केलेल्या त्या ग्रंथात ही चित्रेही छापली गेली. मराठी बोलणाऱ्या जैन समाजाची स्वतःची चित्रपरंपरा होती, याचा हा ठसठशीत पुरावा होय.

चित्र कसे घडे

गायतोंडे यांची कीर्ती आज ज्या चित्रांवर उभी आहे, ती चित्रे साधारणतः १९६० नंतरची. पॉल क्ले या युरोपीय चित्रकाराचे काम त्यांनी आधी मनोमन अभ्यासिले होते, पुढे जपानमधील झेन विचारांचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. जे. कृष्णमूर्ती, रमण महर्षी आणि निसर्गदत्त महाराज यांच्या शिकवणुकीकडेही ते ओढले गेले. निसर्गदत्त महाराज हे मुंबईत विडीचे दुकान चालविणारे गृहस्थ होते. संसार आणि दुकान सांभाळीत त्यांनी अध्यात्माचा अभ्यास केला, ही बाब आपल्या वाचकांना विशेष जवळची वाटेल.

१९६४ साली रॉकफेलर शिष्यवृत्तीवर गायतोंडे न्यूयॉर्कला गेले. त्यापूर्वी १९५७ साली टोकियो येथील तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पारितोषिक मिळाले होते. १९७१ साली पद्मश्री लाभली. त्यानंतर ते दिल्लीस गेले आणि निजामुद्दीन पूर्व भागातील छोट्याशा जागेत राहू लागले. मानसन्मान वाढत होते, परंतु राहणी अधिकाधिक साधी होत चालली होती. जाणे-येणे कमी, बोलणे त्याहून कमी.

त्यांची कामाची रीत अशी होती. कॅनव्हास बहुधा उभा आणि माणसाच्या उंचीएवढा. त्याच्यापुढे ते दीर्घकाळ नुसते बसून राहत. चित्र मनात पिकल्याशिवाय हाताला काम द्यावयाचे नाही, हा त्यांचा नियम होता. मग काम सुरू होई ते कुंचल्यापेक्षा रोलर आणि पॅलेट नाइफ, म्हणजे रंग पसरण्याची व खरवडण्याची पातळ सुरी, यांच्या साह्याने. रंगाचा पातळ थर द्यावयाचा, तो वाळू द्यावयाचा, त्यावर दुसरा थर, पुन्हा प्रतीक्षा. काही ठिकाणी मासिकांचे किंवा वृत्तपत्रांचे कागद कापून ते ओल्या रंगावर ठेवीत, वरून रोलर फिरवीत आणि कागद उचलून घेत. कागदाबरोबर थोडा रंग निघून येई आणि तेथे एक अनपेक्षित खूण उरे. ती खूण ठेवावयाची की पुसावयाची याचा निर्णय पुन्हा शांतपणे पाहून होई. अशा रीतीने त्यांच्या चित्रात रंग लावण्याइतकेच महत्त्व रंग काढून घेण्याला होते.

या सर्वांचा परिणाम असा होतो की चित्राच्या पृष्ठभागावर प्रकाश पडल्यासारखा न वाटता तो आतून झिरपत असल्यासारखा वाटतो. खालच्या थरातील पिवळा वरच्या करड्यामधून उजळतो, हिरव्याच्या पोटातून तांबूस छटा वर येते. पोथीचित्रांत तळचे सोने रंगाच्या कडांतून चमकते, त्याचे येथे स्मरण झाल्याशिवाय राहत नाही. चित्रकाराने पोथीतील आकृती सोडली, पण तळातील तेज सोडले नाही.

वर्षाकाठी त्यांची जेमतेम पाच-सहा चित्रे पूर्ण होत. मागणी आहे म्हणून चित्रांची संख्या वाढविणे त्यांनी केले नाही. बहुतेक चित्रांना त्यांनी नावही दिले नाही. आपल्या चित्रांना कोणी अमूर्त म्हटले की ते त्यांना रुचत नसे, कारण अमूर्त म्हणजे मूर्ताचे काहीतरी बदललेले रूप असा अर्थ निघतो. आपले चित्र कोणत्याही वस्तूचे रूपांतर नसून स्वतःच एक स्वतंत्र वस्तुस्थिती आहे, अशी त्यांची भूमिका होती.

१९८४ साली त्यांना मोठा अपघात झाला. मानेला इजा झाली आणि मोठे कॅनव्हास हाताळणे अशक्य झाले. त्या काळात त्यांनी छोट्या कागदांवर शाईने रेखाटने केली. पुढे बळ आले तेव्हा पुन्हा कॅनव्हासकडे वळले आणि मोजकीच चित्रे काढून थांबले. चित्र काढीत नसतानाही आपले काम चालूच आहे, असे ते मानीत, कारण पाहणे आणि विचार करणे हाच त्यांच्या मते कामाचा मोठा भाग होता. १० ऑगस्ट २००१ रोजी त्यांचे निधन झाले. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरविले, त्याच्या नावाचा आशयच मुळी चित्र ही प्रक्रिया आणि चित्र हेच जीवन, असा होता.

जैन दृष्टीला हे परके का वाटू नये

ज्या चित्रात काहीच ओळखता येत नाही, त्यात पाहावयाचे काय, असा प्रश्न सरळ मनाचा वाचक विचारील, आणि तो विचारणे योग्यच आहे. त्याचे उत्तर आपल्या मंदिरांतच आहे. अनेक दिगंबर मंदिरांत सिद्ध परमेष्ठींची प्रतिमा असते. धातूच्या पत्र्यातून मनुष्याकृती कापून काढलेली असते आणि त्या पोकळीलाच आपण वंदन करतो. जे सिद्ध झाले, ज्यांचे शरीर उरले नाही, त्यांचे रूप दाखवावयाचे कसे, या कठीण प्रश्नाला आपल्या कारागिरांनी शतकांपूर्वी दिलेले हे उत्तर आहे. वस्तू काढून घेतली आणि जी जागा उरली, तिने अर्थ सांगितला. या प्रतिमेपुढे हात जोडणाऱ्या माणसाला रिकाम्या अवकाशाची भाषा शिकवावी लागत नाही.

गायतोंडे जैन नव्हते. त्यांच्या चित्रांवर आपला शिक्का मारण्याचा हेतू नाही. तथापि थर खरवडून काढण्याची त्यांची कृती पाहिली की निर्जरेची कल्पना मनात येते, कॅनव्हाससमोरचे त्यांचे दीर्घ बसणे पाहिले की सामायिकाच्या अठ्ठेचाळीस मिनिटांची आठवण होते. आपण त्या दोन घटिका स्थिर बसण्याचा यत्न करतो तेव्हा मन दुकानाकडे, उधारीकडे, मोंढ्यातील भावाकडे किती वेळा धावते, हे प्रत्येक श्रावक जाणतो. म्हणूनच आयुष्यभर स्थिर बसणाऱ्या माणसाच्या श्रमांचे मोल आपल्याला इतरांपेक्षा अधिक कळावयास हवे.

किंमत आणि मोल

आता व्यापाऱ्याच्या भाषेत बोलू. डिसेंबर २०१३ मध्ये क्रिस्टीज या संस्थेने भारतातील आपला पहिला लिलाव मुंबईत केला. त्यात गायतोंडे यांचे १९७९ सालचे एक चित्र सुमारे २३ कोटी ७० लाख रुपयांना विकले गेले. दोन वर्षांनी दुसऱ्या एका चित्राला २९ कोटींहून अधिक किंमत आली. चित्रकाराला जाऊन तेव्हा एक तपाहून अधिक काळ लोटला होता. या रकमांतील काहीही त्यांच्या हाती पडणे शक्य नव्हते, आणि त्यांच्या राहणीवरून पाहता त्यांनी त्याची आस धरली होती असेही दिसत नाही.

हे आकडे वाचून चित्र म्हणजे गुंतवणूक एवढाच बोध घेणारे घेतील. व्यापारी बुद्धीने त्यात चूक नाही. परंतु आपल्या पूर्वजांनी चित्रे करवून घेतली तेव्हा त्यांचा हिशेब वेगळा होता. पोथी लिहवून, रंगवून ती साधूंना किंवा भांडाराला अर्पण करणे हे ज्ञानदान होते. पोथीच्या अखेरीस असलेल्या प्रशस्तीत त्या श्रावकाचे कुळ, गाव, गुरू आणि तिथी नोंदलेली आढळते. पुष्कळदा लिपिकाराचेही नाव असते. चित्रकाराचे नाव मात्र फार थोड्या पोथ्यांत सापडते. ज्याने सोन्याचा वर्ख लावला, ज्याने तो दुसरा डोळा रेखिला, तो बहुधा अनामिकच राहिला.

ही उणीव भरून काढणे आज आपल्या हाती आहे. मंदिराच्या सभामंडपात पंचकल्याणकाची चित्रे काढवून घेताना, पर्युषणात किंवा दशलक्षण पर्वात पट रंगवून घेताना, आपण खर्चाचा आकडा विचारतो आणि महोत्सवापूर्वी काम संपवावे अशी घाई करतो. देणगीदाराची संगमरवरी पाटी लागते, चित्रकाराचे नाव कोपऱ्यातही राहत नाही. ट्रस्टींनी एवढा संकल्प करावा की चित्रकाराला पुरेसा अवधी द्यावा, योग्य मोबदला ठरल्या दिवशी द्यावा आणि चित्राखाली त्याचे नाव व वर्ष लिहावे. खर्चात याने फारशी भर पडणार नाही, पण पन्नास वर्षांनंतर येणाऱ्या पिढीला कोणी काढले हे विचारण्याची वेळ येणार नाही.

घरातील चित्रवेड्या मुलांसाठी

प्रश्नाची खरी धार मात्र घरात लागते. दुकानात बसावे अशी अपेक्षा असलेला मुलगा वहीच्या मागच्या पानावर चित्रे काढीत बसतो. सून होऊन आलेली मुलगी लग्नापूर्वी सुरेख रंगकाम करीत असते आणि लग्नानंतर रंगांची पेटी माळ्यावर जाते. अशी उदाहरणे आपल्या प्रत्येक गावात आहेत. चित्रकलेवर पोट भरणार नाही ही वडीलधाऱ्यांची भीती खोटी म्हणता येणार नाही. गायतोंडे यांच्यासारखा संपूर्ण त्याग प्रत्येकाने करावा, असेही कोणी सांगणार नाही. त्यांच्या वाट्याला आलेला घराचा दुरावा कोणत्याही मुलाच्या वाट्याला येऊ नये, हाच त्यांच्या चरित्राचा आपल्या कुटुंबांना मिळणारा धडा आहे.

चित्र आणि घर यांची सांगड घालता येते, हे दाखविणारे उदाहरण आपल्याच समाजात आहे. सोलापूरच्या वालचंद या उद्योगी दिगंबर जैन घराण्याच्या स्नुषा डॉ. सरयू दोशी यांनी जैन सचित्र हस्तलिखितांचा सखोल अभ्यास केला. जैन चित्रकलेवरील त्यांचा ग्रंथ १९८५ साली प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या अभ्यासकांनी त्याचा आधार घेतला. पुढे मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाचे मानद संचालकपदही त्यांनी भूषविले. मोठ्या व्यापारी घराने एका सुनेच्या अभ्यासाला वाट करून दिली की सर्व समाजाचा वारसा कसा उजळतो, हे यातून दिसते.

मुलांसाठी आरंभ अगदी साधा असू शकतो. शाळेत असतानाच राज्याच्या कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना त्यांना बसवावे. पुढे जाण्याची ओढ खरी दिसली तर नागपूरचे शासकीय चित्रकला महाविद्यालय आपल्यापासून फार दूर नाही. व्यापार शिकविताना आपण मुलाला वर्षभर नुसते माल ओळखावयास लावतो, सूत, धान्य, कापूस हातात घेऊन पारखावयास लावतो. पाहण्याचे ते शिक्षणच चित्रकलेचाही पाया आहे, आणि पारखण्याची ही नजर आपल्याकडे वंशपरंपरेने आहे.

मुंबईस कामानिमित्त जाणाऱ्यांनी एक दुपार राखून ठेवावी. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात मध्ययुगीन जैन सचित्र पोथ्यांची पाने आहेत. त्याच वास्तूत जहांगीर निकल्सन यांचा आधुनिक चित्रांचा संग्रह ठेवलेला असून त्यात गायतोंडे यांचेही काम आहे. प्रदर्शनात काय मांडले आहे हे वेळोवेळी बदलते, म्हणून आधी चौकशी करून जावे. मुलांना प्रथम पोथीचे पान दाखवावे, मग तो आकृतीविरहित कॅनव्हास. दोन्हींसमोर थोडा वेळ न बोलता उभे राहू द्यावे. काय दिसले हे त्यांना लगेच विचारू नये. घरी परतल्यावर, वाटेत, कधीतरी ती आपणहून सांगतील.